वायुमंडलीय रडारचा कालनियंत्रक : आखणी, जुळणी आणि पडताळणी

पल्स रडारमध्ये अंतर थेट मोजले जात नाही. मोजला जातो तो काळ, आणि त्या काळाला प्रकाशाच्या वेगाने गुणून निम्मे केले की अंतर हाती येते. रेडिओ तरंग एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, त्याला जाऊन परत यावे लागते, म्हणून घड्याळातील एक मायक्रोसेकंद म्हणजे आकाशातील १५० मीटर असा हिशेब ठरतो. पल्स केव्हा सोडायचा, अँटेना प्रेषकाकडून ग्राहकाकडे केव्हा वळवायची, ग्राहकाचे कान केव्हा झाकायचे आणि केव्हा उघडायचे, नमुने केव्हापासून घ्यायचे, शलाका दुसऱ्या दिशेला केव्हा फिरवायची, हे सर्व संकेत ठरलेल्या क्षणी देणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र म्हणजे कालनियंत्रक. प्रयोगशाळेच्या बोलीत त्याला टायमिंग युनिट किंवा रडार कंट्रोलर म्हणतात. प्रयोग बदलला की हे क्षणही बदलतात, त्यामुळे ते तारांच्या जोडणीत पक्के न बांधता प्रोग्रामद्वारे ठरवता यावेत अशी त्याची रचना असते. असा नियंत्रक नव्याने उभारू पाहणाऱ्या किंवा जुना बदलू पाहणाऱ्या अभियंत्यांसाठी व संशोधक विद्यार्थ्यांसाठी पुढील विवेचन आहे.

विमान शोधणाऱ्या रडारपेक्षा वायुमंडलीय रडारची गरज वेगळी असते, कारण त्याचे लक्ष्य म्हणजे निरभ्र हवाच असते. हवेतील खळबळीमुळे तिच्या अपवर्तनांकात जे सूक्ष्म चढउतार होतात, त्यांपैकी रडारच्या तरंगलांबीच्या निम्म्या आकाराचे चढउतार रेडिओ तरंगाचा अगदी थोडा अंश परत पाठवतात. आंध्र प्रदेशात तिरुपतीजवळ गादंकी येथे असलेले एमएसटी रडार, म्हणजे मध्यांबर, स्थितांबर आणि तपांबर या तिन्ही थरांचा वेध घेणारे रडार, ५३ मेगाहर्ट्झवर चालते. त्याची तरंगलांबी सुमारे ५.६६ मीटर, म्हणून त्याला साधारण २.८ मीटर आकाराची खळबळ दिसते. मूळ रचनेत १०२४ यागी अँटेनांच्या चौरस मांडणीतून २.५ मेगावॅट शिखरशक्तीचा पल्स सोडला जात असे, आणि हे रडार घडवण्यात मुंबईच्या समीर या संस्थेचा मोठा वाटा होता. पुण्यात पाषाण येथे ४०४ मेगाहर्ट्झचे वातमापक रडारही याच तत्त्वावर उभे राहिले. इतक्या मोठ्या शक्तीच्या बदल्यात परत येणारा संकेत एका पल्समध्ये गोंगाटाखाली गाडलेला असतो आणि शेकडो पल्सच्या परताव्यांची बेरीज केल्यावरच वर येतो. ही बेरीज फळाला यायची तर प्रत्येक पल्स आधीच्या पल्सशी तालात असावा लागतो, आणि कालनियंत्रकाविषयीचे बहुतेक सगळे निर्णय या एका अटीतून निघतात.

पहिले काम कागदावरचे आहे आणि ते टाळून थेट संगणकापुढे बसणे हे पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ ठरते. लागोपाठच्या दोन पल्सच्या आरंभांमधील काळाला पल्सांतर म्हणू. त्यावरून रडारला निःसंदिग्धपणे दिसणारे कमाल अंतर ठरते. पल्सांतर १००० मायक्रोसेकंद ठेवले तर १५० किलोमीटरच्या आतील प्रतिध्वनी पुढचा पल्स सुटण्यापूर्वी परततात. २५० मायक्रोसेकंद ठेवले तर ही मर्यादा ३७.५ किलोमीटरवर येते. दुसरी मर्यादा प्रेषक घालतो. प्रेषक सतत चालू राहू शकत नाही, एकूण काळाच्या ठरावीक अंशापुरताच तो चालवता येतो आणि या अंशाला ड्यूटी सायकल म्हणतात. गादंकीच्या मूळ प्रेषकांसाठी ती २.५ टक्के होती, म्हणजे १६ मायक्रोसेकंदांचा पल्स वापरायचा तर पल्सांतर ६४० मायक्रोसेकंदांपेक्षा कमी ठेवता येत नाही. तिसरी मर्यादा वेगाची आहे. वारा रडारपासून दूर जात असो वा जवळ येत असो, परतलेल्या तरंगाची वारंवारता किंचित सरकते, आणि ५३ मेगाहर्ट्झवर एक हर्ट्झचे सरकणे म्हणजे सेकंदाला २.८३ मीटर इतका वेग. समजा १००० मायक्रोसेकंदांच्या पल्सांतराने ६४ पल्सची बेरीज केली, तर दर ६४ मिलिसेकंदांना एक बिंदू मिळतो आणि ७.८ हर्ट्झपर्यंतचेच सरकणे, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटरपर्यंतचाच शलाकेच्या दिशेतील वेग, निर्विवादपणे ओळखता येतो. शलाका शिरोबिंदूपासून १० अंश कललेली असेल तर तेवढ्यात सेकंदाला १२५ मीटरच्या आसपासचा आडवा वाराही बसतो, म्हणून ही निवड पुरेशी आहे. पण शलाका अधिक कलवली किंवा अधिक पल्स बेरजेत घेतले तर हीच आकडेमोड पुन्हा करावी लागते.

या मर्यादा जुळल्या की एका पल्सांतराची कालरेषा आखावी. वरचेच उदाहरण पुढे नेल्यास, शून्याव्या मायक्रोसेकंदाला अँटेनेचा अदलाबदल स्विच प्रेषकाकडे वळतो आणि त्याच क्षणी ग्राहकाचे तोंड बंद होते. पाचव्या मायक्रोसेकंदाला पल्स सुटतो आणि एकविसाव्याला संपतो. प्रेषकातील उरलेली शक्ती विरण्यासाठी थोडा अवधी देऊन चोविसाव्याला स्विच ग्राहकाकडे वळतो, सव्विसाव्याला ग्राहक उघडतो आणि एकोणतिसाव्यापासून नमुने घेणे सुरू होते. उंची पल्सच्या आरंभापासून मोजायची असल्याने पहिल्या नमुन्याचा विलंब २४ मायक्रोसेकंद, म्हणजे पहिली उंची ३.६ किलोमीटर येते. ती २९ मायक्रोसेकंदांवरून ४.३५ किलोमीटर अशी काढणे ही वरवर हास्यास्पद पण प्रत्यक्षात वारंवार घडणारी चूक आहे, कारण कालरेषेचा शून्य आणि उंचीचा शून्य हे दोन वेगळे शून्य आहेत हे प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या आणि विदा वाचणाऱ्याच्या एकाच वेळी ध्यानात राहत नाही. केबल व गाळण्या यांतून होणारा विलंबही येथेच वजा करावा. ज्या केबलमध्ये तरंगाचा वेग प्रकाशाच्या दोन-तृतीयांश असतो तिच्या दर मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे १०० मीटर केबल उंचीच्या मोजमापात ७५ मीटरची भर घालते.

कालरेषा आखून झाली की तिचे प्रोग्राममध्ये रूपांतर जवळजवळ यांत्रिक असते. सर्वांत टिकाऊ ठरलेली पद्धत म्हणजे अवस्था आणि कालावधी यांचा तक्ता. तक्त्याच्या प्रत्येक ओळीत दोन गोष्टी असतात : सर्व निर्गम तारांची त्या वेळची स्थिती, प्रत्येक तारेला एक बिट याप्रमाणे, आणि ती स्थिती घड्याळाचे किती ठोके टिकवायची तो आकडा. ओळ संपली की पुढची ओळ, शेवटची ओळ संपली की पुन्हा पहिली. पूर्वी हा तक्ता ईप्रॉम चिपमध्ये भरून एका गणकाच्या साहाय्याने वाचला जाई आणि प्रयोग बदलण्यासाठी चिप बदलावी लागे. आज तोच तक्ता एफपीजीए, म्हणजे आतील तर्कजोडणी प्रोग्रामने ठरवता येणारी चिप, स्वतःच्या स्मृतीतून वाचते. उत्तर स्कँडिनेव्हियातील आइस्कॅट रडारसमूहाने याच कल्पनेवर टारलान नावाची छोटी भाषा उभारली, जिच्यात अमुक क्षणी अमुक क्रिया असे एकेका ओळीत लिहिले जाते. नव्या प्रयोगशाळेने एवढी भाषा घडवण्याची गरज नाही, पण मानवाला वाचता येणाऱ्या मजकुरातून तक्ता तयार करणारा लहानसा प्रोग्राम मात्र अवश्य लिहावा. कच्चे बिट हाताने भरणे म्हणजे चुकांना आवतण.

येथे मायक्रोकंट्रोलर का वापरू नये हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात, आणि तो रास्त आहे, कारण तो स्वस्त असून ओळखीचा असतो. मायक्रोकंट्रोलर आज्ञा एकामागून एक पाळतो. मध्येच दुसरे काम आले की ठरलेला संकेत काहीसा उशिरा निघतो, आणि तो किती उशिरा निघेल हे प्रत्येक वेळी वेगळे असते. अशा अनियमित हेलकाव्याला जिटर म्हणतात. कायमचा विलंब वजा करता येतो, हेलकावा वजा करता येत नाही. एफपीजीएमध्ये सर्व तारांची स्थिती घड्याळाच्या एकाच ठोक्यावर बदलते, त्यामुळे १०० मेगाहर्ट्झच्या ठोक्यावर १० नॅनोसेकंदांची, म्हणजे १.५ मीटरची पायरी सहज मिळते. मायक्रोकंट्रोलरला तक्ता भरणे, संगणकाशी बोलणे, तापमान पाहणे अशी घाई नसलेली कामे द्यावीत. नवा तक्ता मात्र चालू तक्त्यावर लिहू नये. स्मृतीचे दोन भाग ठेवून नवा तक्ता रिकाम्या भागात भरावा आणि पल्सांतर पूर्ण होण्याच्या सीमेवरच एका भागावरून दुसऱ्यावर उडी घ्यावी, अन्यथा अर्धा जुना आणि अर्धा नवा असा एखादा विक्षिप्त पल्स प्रेषकाकडे जातो.

आता तालाचा प्रश्न, ज्यावर सर्वांत जास्त वेळ घालवणे योग्य ठरते. तरंगाच्या आंदोलनात एखाद्या क्षणी तो नेमका कोठे आहे या स्थितीला कला किंवा फेज म्हणतात. परतलेल्या तरंगाची कला पल्सागणिक कशी सरकते यावरूनच वाऱ्याचा वेग निघतो. समजा प्रेषकाला एक स्फटिक आणि ग्राहकाला दुसरा स्फटिक दिला आणि त्यांच्यात दहा लाखांत दहा भाग इतका, म्हणजे साध्या स्फटिकांत सहज आढळणारा, फरक आहे. उंचीच्या मोजमापात त्याने काहीच बिघडत नाही, कारण एका मिलिसेकंदात तो १० नॅनोसेकंदच होतो. पण ५३ मेगाहर्ट्झवर तोच फरक ५३० हर्ट्झ होतो आणि सेकंदाला १५०० मीटर वेगाचा आभास निर्माण करतो. म्हणून प्रेषकाची वाहक वारंवारता, ग्राहकाचे स्थानिक आंदोलक, अंकीय नमुने घेणाऱ्या एडीसीचे घड्याळ आणि कालनियंत्रकाचा ठोका ही चारही एकाच १० मेगाहर्ट्झच्या संदर्भ आंदोलकापासून काढावीत. मग त्या आंदोलकाची उरलीसुरली चूक प्रेषण आणि ग्रहण दोन्हींकडे सारखी जाते आणि वजाबाकीत निघून जाते. हा आंदोलक स्थिर तापमानाच्या पेटीतील स्फटिक असला तरी बहुतेक कामांना पुरतो. जीपीएसने शिस्त लावलेला असेल तर दर सेकंदाचा ठोका मिळून विदेवर खरी वेळही नोंदता येते.

पल्स अंकीय पद्धतीने तयार केला जात असेल आणि त्याचा कलामापक प्रत्येक पल्सच्या आरंभी शून्यावर आणला जात असेल, तर आणखी एक हिशेब तपासावा लागतो. पल्सांतरात वाहक तरंगाची पूर्ण आंदोलने बसली पाहिजेत. ५३ मेगाहर्ट्झला १००० मायक्रोसेकंदांत ५३,००० आंदोलने नेमकी बसतात. पण पेरूमधील हिकामार्काच्या रडारप्रमाणे ४९.९२ मेगाहर्ट्झ वापरायचे असतील तर एका मायक्रोसेकंदात ४९.९२ आंदोलने होतात, आणि पल्सांतर २५ मायक्रोसेकंदांच्या पटीत घेतल्यासच पूर्णांक मिळतो. ग्राहकातील आंदोलक अखंड चालू आणि प्रेषकातील दर वेळी शून्यावर, अशी विजोड व्यवस्था असताना हा पूर्णांक चुकला तर प्रत्येक पल्सला कला ठरावीक प्रमाणात सरकते आणि विदेत कायमचा खोटा वारा वाहू लागतो.

सर्व कडा सारख्या अचूक असण्याची गरज नसते, आणि कोठे काटेकोर राहायचे हे कळणे हाच या कामातील खरा अनुभव. अदलाबदल स्विचची कड काही दशांश मायक्रोसेकंद इकडेतिकडे झाली तरी चालते, कारण त्या वेळी तारेवर मोलाचे काहीच नसते. याउलट ५३ मेगाहर्ट्झचा संकेत थेट अंकीय केला जात असेल तर नमुना घेण्याच्या क्षणात एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे कलेत सुमारे १९ अंशांची चूक. म्हणून एडीसीचे घड्याळ एफपीजीएच्या सामान्य निर्गमातून फिरवून आणू नये. ते स्वच्छ आंदोलकाकडून सरळ यावे, आणि कालनियंत्रकाने केवळ मोजणी कोठून सुरू करायची तो दरवाजा उघडावा. हा दरवाजा एडीसीच्या ठोक्याच्या अगदी कडेवर उघडत असेल तर कधी आधीचा नमुना पहिला ठरतो, कधी नंतरचा, आणि संपूर्ण उंचीपट एका पायरीने पुढेमागे उड्या मारतो. उपाय सोपा आहे : दरवाजाची कड ठोक्याच्या मध्यावर सरकवावी आणि ती एडीसीच्याच ठोक्यावर पुन्हा बसवून घ्यावी.

लांब पल्समध्ये शक्ती अधिक मावते, पण उंचीचे बारकावे पुसट होतात. या पेचावर तोडगा म्हणून लांब पल्सचे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची कला एका सांकेतिक क्रमाने सरळ किंवा उलटी ठेवली जाते. १६ मायक्रोसेकंदांचा पल्स एकेका मायक्रोसेकंदाच्या १६ तुकड्यांत मोडला तर उलगडल्यानंतर १५० मीटरचा बारकावा मिळतो. वायुमंडलीय रडारमध्ये यासाठी मार्सेल गोले यांच्या पूरक संकेतांच्या जोड्या विशेष वापरल्या जातात. त्यांची गंमत चार तुकड्यांच्या लहान जोडीवर कळते : पहिला संकेत अधिक, अधिक, अधिक, उणे आणि दुसरा अधिक, अधिक, उणे, अधिक. प्रत्येक संकेत स्वतःशीच एकेक घर सरकवून गुणला तर पहिल्याची उत्तरे ४, १, ०, उणे १ येतात, दुसऱ्याची ४, उणे १, ०, १. बेरीज ८, ०, ०, ० होते, म्हणजे नको असलेल्या बाजूच्या छटा संपूर्णपणे नाहीशा होतात. नियंत्रकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की तक्ता एका पल्सांतराचा न राहता दोन पल्सांतरांचा होतो, तो ३२ वेळा फिरवला की ६४ पल्स होतात, आणि बेरजेत घेतलेल्या पल्सची संख्या समच असावी लागते. कोणता पल्स पहिल्या संकेताचा हे सांगणारी खूण स्वतंत्र तारेवरून ग्राहकापर्यंत पोहोचवावी. तशी खूण नसताना मध्येच एक ट्रिगर हरवला तर जोडी उलटी उलगडली जाते आणि ज्या थरांचे आकाशात अस्तित्वच नाही ते थर आलेखावर सुबकपणे उमटतात. शिवाय १५० उंचींची विदा हवी असेल तर १५० नव्हे, १६५ कच्चे नमुने घ्यावेत, कारण शेवटच्या उंचीचा प्रतिध्वनी उलगडण्यासाठी पुढचे १५ नमुने लागतात. वरच्या कालरेषेत नमुन्यांचा दरवाजा म्हणूनच एकोणतिसाव्या मायक्रोसेकंदापासून १९४ व्या मायक्रोसेकंदापर्यंत उघडा ठेवावा.

संरक्षणाची व्यवस्था प्रोग्रामच्या भरवशावर सोडू नये. प्रोग्राम लिहिणारा रात्री अकरा वाजता एखादा आकडा चुकवणारच, आणि त्या चुकीची किंमत ग्राहकाच्या पहिल्या प्रवर्धकाने मोजावी असे होता कामा नये. पल्सची कमाल लांबी, किमान पल्सांतर आणि स्विच ग्राहकाकडे असताना प्रेषकाला मज्जाव या तीन अटी तक्ता वाचणाऱ्या तर्काबाहेर, शक्यतो वेगळ्या आणि प्रोग्रामने बदलता न येणाऱ्या परिपथात ठेवाव्यात. वीज आल्यावर, एफपीजीए अजून भरली जात असताना, तिच्या तारांची स्थिती अनिश्चित असते. त्या तारा रोधकाने खाली ओढून ठेवल्यास प्रेषक गप्प राहतो. केबल निसटली तरी प्रेषक बंद व्हावा, सुरू होऊ नये, अशी संकेतांची दिशा निवडावी. संकेत अँटेनांच्या मैदानापर्यंत न्यायचे असतील तर प्रकाशतंतू वापरणे खर्चिक वाटले तरी पहिल्याच पावसाळ्यात परवडते, कारण जवळ पडलेल्या विजेचा धक्का तांब्याच्या तारेतून थेट नियंत्रकात शिरतो.

पडताळणी प्रेषकाला अँटेनेऐवजी कृत्रिम भार जोडून सुरू करावी. बहुवाहिनी ऑसिलोस्कोपवर सर्व तारा एकत्र पाहाव्यात आणि कागदावरच्या कालरेषेशी कडा एकेक करून ताडाव्यात. त्यानंतर मोजणीची कसोटी लावावी, जी अतिशय स्वस्त आणि तितकीच निर्दय आहे : १००० मायक्रोसेकंदांच्या पल्सांतराने एका तासात नेमके ३६ लाख पल्स व्हायला हवेत, आणि जीपीएसच्या सेकंदाच्या ठोक्याशी ताडता एकही कमी वा जास्त भरला तर दोष सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. पुढच्या टप्प्यात पल्सचा क्षीण केलेला अंश ज्ञात विलंबानंतर ग्राहकात सोडावा आणि तो अपेक्षित उंचीवरच दिसतो का, त्याची कला मिनिटभर स्थिर राहते का आणि त्याचा वेग शून्य येतो का हे पाहावे. प्रत्यक्ष आकाशाकडे वळल्यावर संशयास्पद थर दिसला तर पल्सांतर बदलून पाहावे. २०० किलोमीटरवरून आलेला आयनांबरातील प्रतिध्वनी १००० मायक्रोसेकंदांच्या पल्सांतरात ५० किलोमीटरवर दिसतो, पण पल्सांतर ११०० केल्यावर तो ३५ किलोमीटरवर उतरतो. खरा ५० किलोमीटरवरचा थर जागचा हलत नाही.

शलाका बदलण्याच्या क्षणी अँटेनांची कला बदलणारे स्विच स्थिरावेपर्यंतचे काही पल्स सोडायचे पण मोजायचे नाहीत. तेही तक्त्यातच लिहावे, विदा वाचणाऱ्या प्रोग्रामवर सोपवू नये. आणि ज्या तक्त्याने निरीक्षण झाले तो तक्ता, त्याच्या मानवी मजकुरासह, केबलच्या वजा केलेल्या विलंबासह आणि संदर्भ आंदोलकाच्या स्थितीसह, प्रत्येक विदा फाइलच्या शीर्षभागात साठवावा. वाऱ्याच्या नोंदी वीस वर्षांनीही वाचल्या जातात, तोवर नियंत्रक दोनदा बदललेला असतो, आणि पहिल्या नमुन्याची उंची ३.६ किलोमीटर होती की ४.३५ हे सांगायला त्या शीर्षभागाशिवाय दुसरे काहीच उरलेले नसते.